रहोबोथची तिसरी विहीर

१८ मार्च, मंगळवार. रक्कम एक लाख वीस हजार रुपये. जागा हैदराबाद, जामबाग, माझ्या बहिणीच्या घराचं पुढचं अंगण. हजर माणसं सात: माझी बहीण करुणाताई, बोअरचं काम घेणारे मस्तानभाई, यंत्रावरची चार माणसं आणि मी. ताईचे दीर प्रकाशभावजी भिंतीपलीकडे होते. त्यांना हजर धरायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एवढी नोंद त्याच दिवशी केलेली आहे. बाकीचं जालन्याला परतल्यावर लिहितो आहे, कारण चर्चमध्ये भेटणारा प्रत्येक जण विचारतो की हैदराबाद कसं काय झालं, आणि मी "ऊन फार होतं" एवढं सांगून चप्पल शोधायला लागतो.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, बासष्ट वर्षांची. लग्न करून हैदराबादला गेली ती तिथलीच झाली. तिचे यजमान, आमचे दाजी, गेल्या एप्रिलमध्ये वारले. फेब्रुवारीत तिचा फोन आला की अंगणात तिसरी बोअर घ्यायची आहे, तू ये, पाइप मोजायला घरचं माणूस पाहिजे. बोअरचे पैसे फुटावर असतात. वीस फुटांचा एकेक पाइप जमिनीत जातो आणि किती गेले हे आपल्याकडच्या कोणी मोजलं नाही, तर यंत्रवाले सांगतील तो आकडा मानावा लागतो. मी चोवीस वर्षं शाळेच्या कार्यालयात आकडेच लिहितो आहे. लहानपणी शेंगदाणे वाटायचे असले की मी मोजून वाटायचो आणि एक उरला तर त्याचे दोन भाग करायचो. ताई ही गोष्ट अजून लोकांना सांगते.

सोमवार, जामबाग

सकाळी काचीगुडा स्टेशनवर उतरलो. रिक्षावाल्याने जामबागचे दीडशे सांगितले, मी शंभर म्हटलं, तो "हौ, बैठो" म्हणाला. इतक्या लवकर कबूल झाला म्हणजे ऐंशीत आला असता, हे मला कोठीच्या चौकात लक्षात आलं. पुस्तकांची दुकानं अजून उघडायची होती. रमजान चालू असल्यामुळे चहाची बरीच हॉटेलं पडदा लावून बसली होती.

जामबाग म्हणजे पेरूची बाग, असं तिथले लोक सांगतात. पेरूला ते जाम म्हणतात. मी तीन दिवस येता-जाता पाहत होतो. शाळा, कॉलेजं, दवाखाने, दुचाकींची रांग सगळं आहे, पेरूचं झाड एकही दिसलं नाही. नाव राहतं आणि वस्तू जाते, असा विचार मनात आला, पण ताईच्या फाटकाशी पोचेपर्यंत तो मी फार पुढे नेला नाही.

फाटकाच्या खांबात काळा दगड बसवलेला आहे. त्यावर देवनागरीत कोरलं आहे: रहोबोथ. ताईच्या माडीवर पुण्याचं एक तरुण जोडपं भाड्याने राहतं, दोघंही कम्प्युटर कंपनीत. राहायला आले तेव्हा त्या मुलीने विचारलं होतं की हे तेलुगू आहे का. दाजी तिला घेऊन पायरीवर बसले आणि त्यांनी अख्खा अध्याय सांगितला. त्या दिवशी तिची मेट्रो चुकली, असं ताई म्हणाली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी तो अध्याय थोडक्यात सांगतो. पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात इसहाकाची हकिगत आहे. अब्राहामाचा हा मुलगा गरार नावाच्या मुलखात राहत होता. बापाने खणलेल्या विहिरी तिथल्या लोकांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. इसहाकाच्या माणसांनी खोऱ्यात खणलं, जिवंत झरा लागला, आणि तिथले गुराखी भांडायला आले की पाणी आमचं. इसहाकाने त्या विहिरीला एसेक नाव दिलं. इब्री भाषेत त्याचा अर्थ भांडण. दुसरी विहीर खणली, तिच्यावरूनही तंटा झाला. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. मग तिसरी खणली. तिच्यावरून कोणी भांडलं नाही. तिचं नाव त्याने रहोबोथ ठेवलं. रहोबोथ म्हणजे ऐसपैस जागा. परमेश्वराने आता आपल्याला मोकळी जागा दिली, असं तो म्हणाला.

दाजी तीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना हा धडा शिकवत. पहिली विहीर कोणती, असं ते विचारत आणि मुलं ओरडत, एसेक. दुसरी? सितना. तिसरी म्हटलं की मुलांनी दोन्ही हात पसरायचे. हे घर बांधण्याआधी दाजी दोन ठिकाणी भाड्याने राहिले होते आणि दोन्ही घरं मालकाशी वाद होऊन सोडली होती. तिसरं घर स्वतःचं झालं. एकशे वीस चौरस गज जागा. पुढचा भाग दाजींचा, मागचा धाकट्या भावाचा, प्रकाशभावजींचा. तेव्हा दोन्ही भावांनी मिळून दगड बसवला. नाव ठेवताना दाजींच्या मनात काय होतं हे त्यामुळे सांगावं लागत नाही.

ताईने चहा दिला. कप अर्धाच भरलेला, आणि तो विसळायला तिने दोन चमचे पाणी घेतलं. मी पाहिलं ते तिने पाहिलं.

"मोज, मोज. घरात सगळ्या मिळून अकरा बादल्या आहेत," ती म्हणाली.

पाण्याची परिस्थिती अशी. नळ दिवसाआड येतो, पाऊण तास, आणि घर गल्लीच्या टोकाला असल्यामुळे धार करंगळीएवढी. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबतो आणि साठवायला हौद नाही. प्यायला विकतचे कॅन. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासाला. इतकी वर्षं घर चाललं ते दाजींनी घेतलेल्या चारशे वीस फुटांच्या बोअरवर. दोन्ही घरं त्यावर होती. दाजी गेल्यावर मोटरच्या वीजबिलावरून ताई आणि प्रकाशभावजींमध्ये वाद झाला. भावजींनी मागच्या बाजूला स्वतःची बोअर घेतली, नऊशे फूट. तीन महिन्यांत ताईची आटली. नोव्हेंबरमध्ये तिने अंगणात दुसरी घेतली, सहाशे चाळीस फूट. ओलसर चिखल निघाला आणि बंद झाला. नाताळापासून दोन घरांमध्ये बोलणं नव्हतं.

दोन्ही बोअरच्या लोखंडी झाकणांवर ताईने पांढऱ्या रंगाने नावं लिहिली होती. एकावर एसेक, एकावर सितना. अक्षर मोठं, शाळेतल्या फळ्यावर असतं तसं. अंगणाची एक कड घराच्या बाजूने मागे जाते, तिथल्या भिंतीपलीकडे भावजींचं घर; दुसरं झाकण त्यांच्या वरच्या खिडकीसमोर येतं.

माडीवरच्या जोडप्याने महिनाअखेरपर्यंत वाट पाहतो म्हणून सांगितलं होतं. त्यांचंही बरोबर होतं. ते गेले की भाडं गेलं, आणि भाडं गेलं की ताईला तिथे राहण्याचं साधन उरत नाही. दाजींच्या विम्यातले शेवटचे एक लाख वीस हजार कपाटात होते. ते सगळे तिसऱ्या बोअरवर लावायचे तिने ठरवलं होतं, आणि तिला शंका नव्हती. पहिली एसेक झाली, दुसरी सितना झाली, आता तिसरी उरली होती.

संध्याकाळी आम्ही कोठीला मस्तानभाईंच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक टेबल आणि भिंतीला टेकवलेले पाइप. मी दर लिहून घेतले. पहिले तीनशे फूट शंभर रुपयांनी, पुढे दर शंभर फुटांना दहा रुपये वाढ. वरची मऊ माती ढासळू नये म्हणून साठ फूट केसिंगचा नळ, त्याचे चोवीस हजार वेगळे. परवानगीचा कागद मागितला, तो त्यांनी दाखवला. पाणी लागेल का, असं विचारलं तेव्हा त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"साब, पानी नीचे का मामला है. मैं ऊपर का आदमी," ते म्हणाले. मग ताईकडे पाहून, "अम्मा बोले तीसरा है, तो तीसरा."

परत येताना हलीमच्या भट्ट्यांचा वास सगळ्या रस्त्यावर होता. ताईचे लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस चालू होते, ती मटण खात नव्हती, आणि तिच्यादेखत मला खायचं नव्हतं. घरी ज्वारीची भाकरी आणि आंबट डाळ जेवलो. तिथल्या डाळीत चिंच इतकी असते की आमच्याकडे तिला आमटी म्हणायलाही लोक कचरतील. ताई आता तशीच करते आणि तिला ते कळत नाही.

जेवणाआधी तिने मला तोच अध्याय वाचायला सांगितला. उद्याचं काम म्हणून. मी हा अध्याय निदान पन्नास वेळा ऐकलेला आहे. पण ऐकणं आणि मोठ्याने वाचणं यात फरक असतो. दुसऱ्या विहिरीचं वाचून झालं आणि तिसऱ्याच्या आधी तीन-चार शब्द आले, जे मी आजवर कधी धरले नव्हते. इसहाक तिथून निघाला, असं तिथे लिहिलं आहे. निघाला आणि मग त्याने दुसरीकडे विहीर खणली. तिसरी विहीर पहिल्या दोन विहिरींच्या जागी नव्हतीच. पुढे वाचलं तर आणखी एक गोष्ट होती. ऐसपैस जागा मिळाली तिथेही तो राहिला नाही. लगेच तिथून वर बैर-शेब्याला गेला.

म्हणजे त्या नावाचा अर्थ दाजींनी सांगितला तो खरा होता, पण ती जागा कशी मिळाली हे त्या हात पसरण्यात राहून गेलं होतं. इसहाक भांडण जिंकला नाही. तिथून उठून गेला, म्हणून त्याला मोकळी जागा मिळाली. आणि आम्ही उद्या त्याच अंगणात, पहिल्या झाकणापासून अकरा फुटांवर आणि दुसऱ्यापासून नऊ फुटांवर, तिसरी विहीर खणणार होतो. ही अंतरं मी दुपारीच टेपने मोजली होती.

मी पुस्तक मिटलं. ताईने आमेन म्हटलं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर एक लाख वीस हजार वाचले असते की नाही हे मला माहीत नाही, पण बोलायला हवं होतं हे माहीत आहे. खरं कारणही लिहून ठेवतो. इथून निघायचं, असं मी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न कुठे जायचं हा होता.

मंगळवार, अंगण

गल्ली अरुंद म्हणून लहान यंत्र आलं, तेही फाटकाची एक झडप काढून आत घ्यावं लागलं. यंत्रावरच्या माणसांनी आधी उदबत्ती लावली, लिंबू ठेवलं, नारळ फोडला. आमच्याकडे जालन्याला चर्चच्या आवारात बोअर घेतली तेव्हा यावरून पंच मंडळीत तासभर वाद झाला होता. ताईने वाद घातला नाही. ती आत गेली आणि त्यांचं होईपर्यंत प्रार्थना करून बाहेर आली. नारळाचा तुकडा तिने हातात घेतला, खाल्ला नाही, मलाही दिला नाही.

पावणेनऊला सुरुवात झाली. मी भिंतीवर खडूने रेघ ओढायचो, एका पाइपला एक रेघ, पाच झाले की आडवी. ताई खिडकीत बसली. आवाज इतका की दोन माणसांना बोलायला कानाशी जावं लागे. भोकातून पांढरी भुकटी वर यायची आणि सगळ्यांवर बसायची. दहा वाजता खिडकीतली ताई धरून सातही माणसं एका वयाची दिसू लागली. मस्तानभाईंचा रोजा होता. तोंडाला रुमाल बांधून ते भट्टीसारख्या उन्हात उभे, पाण्यासाठी खणत होते आणि पाण्याचा घोट घेत नव्हते.

शंभर फुटांवर भुकटी. दोनशेवर भुकटी. तीनशेच्या सुमारास रंग बदलला, करडी झाली, आणि मस्तानभाईंनी हात वर केला. ताई उठून उभी राहिली. पुन्हा पांढरी झाली. ती बसली.

दुपारी भिंतीपलीकडून प्रकाशभावजींनी मला हाक मारली. मी खडू हातात घेऊनच गेलो. ते स्टुलावर उभे होते, डोकं आणि खांदे तेवढे दिसत होते. दाजींसारखेच दिसतात, केस तेवढे जास्त आहेत. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. ते भांडले नाहीत. म्हणाले, वहिनींना सांगा, पैसे मातीत घालू नका. माझ्या बोअरला इंचभर जाडीची धार आहे, मागितलं असतं तर दिलं असतं.

मी म्हटलं, तुम्ही आपणहून का नाही दिलं?

"रोज सकाळी खिडकी उघडली की समोर वाचतो, वैर," ते म्हणाले. "ज्या दादाने मला मांडीवर बसवून हा धडा शिकवला, त्याच्या घरात माझ्या तोंडासमोर हे लिहिलंय. कसं विचारायला येऊ, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, बोअर तर तुम्ही आधी घेतली. ते म्हणाले, घेतली. माझ्या घरात सहा माणसं आहेत. दादांच्या बोअरचं बिल अर्धं देतो म्हटलं तर वहिनी म्हणाल्या माणसं मोजून द्या. मी मोजमाप करत बसलो नाही, बोअर घेतली. तेव्हा त्यांची आटेल हे कोणाला माहीत होतं?

मी परत आलो आणि ताईच्या कानाशी जाऊन हे सगळं सांगितलं. तेव्हा साधारण पाचशे फूट झाले होते. थांबवायचं असेल तर आत्ता थांबव, असंही म्हटलं. ती ओंजळीत काहीतरी धरून बसली होती. तिने ऐकून घेतलं.

"चालू राहू दे," ती म्हणाली.

सहाशेला भुकटी, सातशेला भुकटी. पावणेसहाला मस्तानभाईंनी यंत्र बंद करायला सांगितलं. एकदम शांत झालं आणि शेजारच्या घरातला कुकर ऐकू आला. ते ताईसमोर येऊन उभे राहिले, रुमाल सोडला. त्याखालचा चेहरा तेवढा काळा होता.

"अम्मा, पत्थर है. और जाएंगे तो भी पत्थर," ते म्हणाले. "मेरेकू तुम्हारा और पैसा नक्को."

मग मोजणी झाली. माझ्या भिंतीवर अडतीस रेघा होत्या. मस्तानभाई एकोणचाळीस म्हणाले. मी रेघा पुन्हा मोजून दाखवल्या. ते चिडले नाहीत. "रोजे से हूँ साब. एक पाइप के वास्ते झूट नै बोलतूँ."

ताईने ओंजळ उघडली. तीत चिंचोके होते. तीही सकाळपासून एका पाइपला एक चिंचोका टाकत होती. तिने ते पायरीवर ओळीने मांडले. एकोणचाळीस.

"तू भावजींशी बोलत होतास तेव्हा एक गेला," ती म्हणाली.

ज्या एका कामासाठी मला साडेचारशे किलोमीटरवरून बोलावलं होतं, ते मला जमलं नव्हतं. सातशे ऐंशी फूट. खणण्याचे ब्याण्णव हजार, केसिंगचे चोवीस, एकूण एक लाख सोळा हजार. ताईने कपाटातून आणून दिले, मस्तानभाईंनी बोटांना थुंकी न लावता मोजले. तेवढ्यात अजान झाली. त्यांनी खिशातून एक खजूर काढला. ताई आत गेली आणि कॅनचं पाणी भरलेला मोठा पेला घेऊन आली, काठोकाठ. मस्तानभाईंनी पायरीवर बसून तो दोन्ही हातांनी धरला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. त्या घरात मी तीन दिवसांत पाहिलेला तेवढा एकच भरलेला पेला.

यंत्र गेल्यावर झाडांवर, खिडकीवर, दगडावर सगळीकडे भुकटी होती आणि धुवायला पाणी नव्हतं. ताईने फडक्याने पायरी झटकली आणि आम्ही बसलो. आता बोलण्याला काही अर्थ नव्हता तरी मी बोललो. म्हटलं, ताई, काल वाचताना माझ्या लक्षात आलं. तिसरी विहीर त्याने तिथे खणलीच नव्हती. तो तिथून निघाला होता.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ते त्या शब्दापाशी थांबायचे. मुलांना सांगायचे नाहीत, पण घरी वाचताना थांबायचे."

"मग तरी?"

"इसहाकाजवळ तंबू होते रे. खुंटे उपटले की निघाला." तिने अंगणाकडे पाहिलं. "आणि जायला जागा होती."

 आमचं घर जालन्यात, चर्चच्या आवारामागे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत माझ्या सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत, माझी बायको सुनीता त्यांच्याजवळ झोपते. पुढची खोली दहा बाय बारा, तीत मी आणि मुलगा. त्याचं परीक्षेचं वर्ष आहे. टेबल काढलं तर साडेसहा बाय अडीचची एक कॉट बसते, पण मग कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही. टेबल व्हरांड्यात ठेवलं तर पावसाळ्यात भिजतं. हे सगळं मनात भराभर होत होतं. निघताना सुनीता म्हणाली होती, ताईंना आणायचं असलं तर आणा, तुमचं तुम्ही ठरवा. तिने अडवलं नव्हतं. कपाटाच्या दाराची अडचण माझी एकट्याची होती.

"मोजून झालं का रे?" ताईने विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. शेंगदाण्यांची गोष्ट सांगताना असतो तसाच आवाज होता. मी म्हटलं, ताई, तू चल, बघू आपण काहीतरी.

"बघू म्हणतोस," ती म्हणाली. मग उठली. "डाळ सकाळची आहे, गरम करते."

बुधवार, मागचं दार

सकाळी मी उठलो तेव्हा ताई अंगणात होती. भिंतीला लावून उरलेला चुना तिने एका डब्यात कालवला होता. एसेक लिहिलेलं झाकण पांढरं झालं होतं. ती दुसऱ्यावर कुंचला फिरवत होती. भावजींची खिडकी उघडी होती आणि पडदा हलत होता, पण कोणी दिसलं नाही. तिसऱ्या बोअरचं नवं झाकण यंत्रवाल्यांनी बसवून दिलं होतं. त्यावर तिने काहीच लिहिलं नाही.

चुना कालवायला तिने किती पाणी घेतलं असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली.

हात पुसून, पदर नीट करून ती म्हणाली, चल. फाटकातून बाहेर पडून, घराला वळसा घालून आम्ही मागच्या दाराशी गेलो. चाळीस पावलं. नाताळापासून तिने ती टाकली नव्हती. भावजींच्या पत्नीने दार उघडलं आणि त्या घाबरल्यासारख्या बाजूला झाल्या. भावजी उभे राहिले. कोणी बसा म्हटलं नाही, पण खुर्ची पुढे ओढली गेली.

"भावजी, सकाळी एक तास पाणी द्या," ताई म्हणाली. "वरच्या टाकीत. बाकी मी भागवते."

भावजींनी खिडकीतून भिंतीची उंची पाहिली. मग म्हणाले, अर्ध्या इंचाचा पाइप भिंतीवरून टाकून देतो, आजच माणूस बोलावतो. पुढे म्हणाले, वहिनी, मोटर मोठी आहे, बिल फार येतं, फुकट मला झेपणार नाही. महिना बाराशे धरू का?

"धरा," ताई म्हणाली.

याच बिलावरून सुरू झालं होतं. आता कोणी कोणाची माणसं मोजली नाहीत. भांडण झालं नाही, हे खरं आहे. चहा आला, भरलेले कप होते. ताईने अर्धा पिऊन ठेवला, तिला सवय राहिली नव्हती.

ताईजवळ चार हजार उरले होते. मी म्हटलं, सहा महिन्यांचे मी देतो. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, काल पायरीवर पाहिलं तसं, आणि मग म्हणाली, "दे. तुला बरं वाटेल."

संध्याकाळच्या गाडीपर्यंत पाइप जोडून झाला होता. टाकीत धार पडल्याचा आवाज आला तशी माडीवरची मुलगी जिन्यात येऊन उभी राहिली आणि तिने मोबाइलवर कोणाला तरी सांगितलं की आम्ही घर बदलत नाही. ताई फाटकापर्यंत आली. दगडावर कालची भुकटी होती. तिने पदराने तो पुसला, अक्षरांच्या खाचांत बोट घालून पुसला, आणि मला म्हणाली की गाडीत पाणी विकत घे, तहानलेला बसू नको.

परत आल्यावर मी पुढची खोली टेपने पुन्हा मोजली. दहा बाय बाराच भरली. कॉट बसते. कपाटाचं दार तीन चतुर्थांश उघडतं. इतकं उघडलं तरी हात आत जातो, कपडे काढता येतात. हे मी ताईला अजून फोनवर सांगितलेलं नाही.

१९ मार्च, बुधवार. एकूण दिले सात हजार दोनशे रुपये, सहा महिन्यांच्या पाण्याचे, आगाऊ, रोख, प्रकाशभावजींच्या हातात. पावती घेतली. ताईला मी काही दिलं नाही.